चौकातून डावीकडे

सदर इसम हा मोठ्या चौकाच्या वायव्य कोपऱ्यात, बसथांब्याकडे पाठ करून व चहाच्या टपरीला खांदा लावून, लाकडी पेटी मांडून बसतो. वय पन्नाशीच्या पलीकडे, साठीच्या अलीकडे. बांधा मध्यम. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. व्यवसाय, अडलेली कुलपे उघडणे व चाव्या बनवून देणे. ओळखीची खूण म्हणून पेटीच्या वर पत्र्याची हातभर लांब चावी टांगलेली असून ती जगातील कोणत्याही कुलपाला लागत नाही. वाटसरूंना, विशेषतः परदेशातून आलेल्या वाटसरूंना मार्ग दाखवण्याचे कार्य सदर इसम अनेक वर्षे विनामोबदला, विनाखंड आणि कोणाच्याही नेमणुकीशिवाय करीत आलेला आहे. सदर इसमाला रस्ते माहीत नाहीत.

फोनमधला नकाशा परदेशी माणसाला या चौकापर्यंत बिनचूक आणून सोडतो आणि इथे आल्यावर हात टेकतो. चौकाच्या पलीकडे गल्ल्या आहेत. त्या नकाशातही आहेत, पण नकाशा काढून झाल्यावर त्यांनी कूस बदलली असावी. घरांना नंबर आहेत, तेही घरं ज्या क्रमाने बांधली त्या क्रमाने दिलेले. त्यामुळे सातच्या एका बाजूला एकशे बारा असतो आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. अशा ठिकाणी फोनमधला निळा ठिपका स्वतःभोवती गरगर फिरू लागला, की परदेशी माणूस मान वर करतो. मान वर केल्यावर त्याला आधी दिसते ती पत्र्याची चावी, आणि तिच्याखाली चावीवाला.

मग तो रस्ता विचारतो.

चावीवाल्यापुढे खरं तर एक सोपा पर्याय असे. 'मला माहीत नाही' असं सांगून तो मोकळा होऊ शकला असता. पण हा पर्याय त्याने आयुष्यात कधी वापरला नव्हता आणि खरं बोलायचं तर या शहरात तो कोणीच वापरत नाही. इतक्या लांबून, घामाघूम होऊन, पाठीवर बिऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायचं, म्हणजे दारात आलेल्याच्या तोंडावर दार लावून घेणं. शिवाय त्याची स्वतःची एक विचारसरणी होती. ती तो शेजारच्या चहावाल्याला अधूनमधून ऐकवी.

"रस्ता विचारणारा रस्ता नाही विचारत रे. तो घाबरलेला असतो. त्याला फक्त कोणीतरी ठाम बोलणारं हवं असतं."

"आणि चुकला तर?" चहावाला विचारी.

"चुकलेलाच असतो की! मी त्यात काय भर घालतो?"

म्हणून कोणी समोर येऊन उभं राहिलं, की चावीवाला हातातली कानस खाली ठेवी, चष्मा कपाळावर चढवी आणि संग्रहालय असो, वकिलात असो, की दातांचा डॉक्टर असो, हात लांब करून सांगे, "लेफ्ट."

परदेशी लोकांत त्याचं नाव त्यामुळे 'मिस्टर लेफ्ट' असं पडलं होतं. चौकातली माणसं इतकी औपचारिक नव्हती. ती त्याला सरळ 'डावीकडे' म्हणत. "ओ डावीकडे, दुकानाचं शटर अडकलंय, जरा येता का?" अशी हाक रस्त्यापलीकडून आली, तरी तो निमूटपणे हत्यारं उचलून निघे.

आता डावीकडेच का, तर त्याला कारण होतं. डावीकडे दुसऱ्या गल्लीत, जिना चढून गेलं की त्याची ताई राहत होती.

ताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा परदेशात. तिला या शहरातली प्रत्येक गल्ली, बोळ आणि बोळातून निघणारा बोळ ठाऊक होता, इंग्रजी येत होतं आणि समोर ऐकणारा माणूस नसला की तिला करमत नव्हतं. आई गेली तेव्हा चावीवाला अजून हाफपँटीत होता. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला. पुढे त्याने लग्न केलं नाही, आणि एवढा सांभाळ पुरेसा झाला असं ताईचंही मत होतं. तेव्हा आलेल्या प्रत्येक अडचणीला ताईकडे पाठवायचं, ही त्याची लहानपणची सवय होती. परदेशी माणूस ही त्यातलीच एक अडचण. त्याच्या मते यात फसवणूक कुठेच नव्हती. तो रस्ता सांगत नव्हता; ज्याला रस्ता माहीत आहे त्याच्या घरचा रस्ता सांगत होता.

गल्लीत भांबावून उभा राहिलेला परदेशी माणूस दिसला, की ताई त्याला गॅलरीतूनच हाक मारून वर बोलावी. ताईकडे पोचलेल्या परदेशी माणसाची सोय उत्तम होई. आधी त्याला खुर्ची मिळे, मग पाणी, मग उलटतपासणी. लग्न झालंय का, नसेल तर अडलंय कुठे, आईला शेवटचा फोन कधी केला, इतक्या लांब येताना तिला विचारलं होतं का. ज्या देशांत शेजाऱ्याचं नाव विचारणंही आगाऊपणाचं समजतात, तिथली माणसं सुरुवातीला चपापत. पण थोड्या वेळाने स्वतःहून मोठ्या भावाबद्दलची गाऱ्हाणी सांगू लागत. मग भूगोल. एका दाढीवाल्या तरुणाला स्वतःच्या राजधानीतून वाहणारी नदी कुठे उगम पावते हे सांगता आलं नाही. ताईने त्याला भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो पाठ करून परत आला. त्याला खरं म्हणजे स्टेशनवर जायचं होतं.

सगळ्यात शेवटी ताई खरा रस्ता कागदावर काढून देई. आणि निघताना त्या माणसाबरोबर भावाला एक निरोप धाडी. निरोप इथल्या भाषेत असे आणि तो परदेशी माणसाकडून घोकून घेतलेला असे. मग तो पाठीवरचं ओझं सावरत, रिक्षांमधून अंग चोरत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत चौकात येई आणि चावीवाल्यासमोर उभा राहून अत्यंत आदराने म्हणून दाखवी, "गाढवा, संग्रहालय उजवीकडे आहे."

"थँक्यू," चावीवाला म्हणे.

"बरं सांगितलं ना मी?" अशा चेहऱ्याने परदेशी माणूस त्याच्याशी हात मिळवी आणि उजवीकडे निघून जाई.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या भाऊबहिणीत बिनसलं.

चावीवाल्याच्या बाजूने हकिगत अगदी सरळ होती. एक दिवस भर दुपारी चहावाल्याने त्याला बातमी दिली, की ताईच्या दाराचं कुलूप उघडायला पुलाखालचा आलाय. पुलाखालचा म्हणजे पुलाखाली बसणारा दुसरा चावीवाला. सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर चाव्या बनवत बसलेला असताना बहिणीने कुलपासाठी परक्या माणसाला बोलवावं, तेही पुलाखालच्याला! ज्याच्या चाव्या कुलपात जातात आणि तिथेच राहतात! चावीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी पेटी बंद करून तो तडक ताईच्या गल्लीत गेला आणि जिना चढण्याचीही वाट न पाहता खालूनच ओरडला, "आता त्यालाच भाऊ म्हण!"

ताई गॅलरीत आली. "म्हणते! निदान तो वर तोंड करून बघतो तरी!"

गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या एव्हाना भरल्या होत्या. चावीवाल्याला या वाक्याचा अर्थ कळला नाही. पुलाखालच्याचं तोंड हा त्याच्या मते काही कौतुक करण्याचा विषय नव्हता. तो पाय आपटत घरी गेला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

तरी परदेशी माणसांना डावीकडे पाठवणं त्याने थांबवलं नाही. भांडण बहिणीशी होतं, त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? ताईनेही कोणाला परत लावलं नाही. खुर्ची, पाणी, लग्न, नदी, सगळं यथासांग होत राहिलं. फक्त आता ती त्यांना मागच्या गल्लीने बाहेर काढू लागली. चौकात येऊन निरोप देणारं कोणी राहिलं नाही. परदेशी माणसं डावीकडे जात आणि परत येत नसत.

"काय रे," चहावाला म्हणाला, "तुझी बहीण खाते की काय त्यांना?"

चावीवाला हसला नाही. त्याने कानस इतक्या जोरात ओढली की गिऱ्हाइकाची चावी निम्मी झाली.

याच सुमारास चौकात एक परदेशी बाई स्टुलावर उभी राहू लागली होती. ती रहदारीची तज्ज्ञ होती. या चौकातली गर्दी कशी कमी करावी याचा अभ्यास करायला नगरपालिकेने तिला बोलावून घेतलं होतं. ती स्टुलावर चढून गाड्यांकडे बघे. ती काय बघते ते बघायला माणसं थांबत. माणसं का थांबलीत ते बघायला गाड्या थांबत. ती आल्यापासून चौकात दुप्पट गर्दी होऊ लागली होती, आणि अभ्यास रंगात आला होता.

सुरुवातीला तिला हे शहर फार झेपलं नाही. रस्ता ओलांडायला ती फटीची वाट बघत बसे, आणि फट काही पडत नसे. शेवटी चहावाल्याने तिला समजावलं, की फट आधी पडत नाही. आपण पाऊल टाकलं की पडते. तिने जीव मुठीत धरून पाऊल टाकलं, एक बस तिच्यासाठी कचकन थांबली, आणि त्यानंतर ती उगाचच दिवसातून कितीतरी वेळा रस्ता ओलांडू लागली. हॉटेलातल्या खोलीचा मात्र तिला कंटाळा आला होता. तिथे तिच्याशी कोणी भांडत नसे. एक दिवस ती पेटीपाशी आली आणि भाड्याने खोली कुठे मिळेल असं तिने चावीवाल्याला विचारलं.

"लेफ्ट," चावीवाला म्हणाला.

ती गेली ती ताईची भाडेकरीण झाली.

इथली भाषाही ती ताईकडूनच शिकली, त्यामुळे ती वर्गात बोलावी तशी बोले. लहानमोठा कोणीही असो, ती त्याला अरे-तुरे करी. बसमध्ये चढताना "रांगेत! ढकलायचं नाही!" असं ती ओरडली, की कंडक्टरसुद्धा रांगेत उभा राही. हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला तिने एकदा "घरी हेच शिकवलंय का?" असं विचारलं होतं, तो माणूस दिवसभर गप्प होता म्हणतात. तिला या शहरात आता इतकं छान वाटत होतं, की मायदेशी फोन केल्यावर तिकडची शांतता ऐकून तिला कोणीतरी आजारी आहे की काय अशी शंका येई.

चावीवाला आणि ताई भाऊबहीण आहेत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ताई भावाचं नाव काढत नव्हती, चावीवाला बहिणीचं. आणि चौक धरून चालला होता, की जे सगळ्यांना माहीत आहे ते तिलाही माहीत असणार.

एका सकाळी ती स्टुलावर चढता चढता चहावाल्याला म्हणाली, "अरे, एक चांगला पंखा कुठे मिळेल? रविवारपासून अख्खं घर मी सांभाळणार. बाई जाणार मुलाकडे. विमानाने."

चावीवाल्याच्या हातातली चावी पेटीत पडली आणि पेटीतल्या सगळ्या चाव्यांत मिसळून गेली.

"मुलाकडे? किती दिवस?" चहावाल्याने विचारलं, स्वतःसाठी नव्हे, हे उघड होतं.

"काय माहीत? बॅग मोठी आहे."

दिवसभर चावीवाल्याचं कामात लक्ष लागेना. बॅग मोठी आहे म्हणजे कायमचीच चालली असणार. संध्याकाळपर्यंत चौकात ही गोष्ट पक्कीही झाली. फुलवालीने तर घर विकल्याचंही सांगितलं. ताई रविवारी जाणार, आणि तेही त्याच्याशी न बोलता. पण स्वतःहून जाऊन बोलायचं? पुलाखालच्याला कोणी बोलावलं होतं, त्याने की तिने?

"जा की गपचूप," चहावाला म्हणाला.

"तिनं यावं. मोठी आहे ती."

"मोठी आहे म्हणूनच तू जा."

"मग मोठं होऊन तिला फायदा काय?" चावीवाला म्हणाला.

शुक्रवारी एक म्हातारं परदेशी जोडपं वनस्पती उद्यान शोधत पेटीपाशी आलं. दोघांच्याही डोक्यावर सारख्या टोप्या होत्या. चावीवाल्याच्या डोक्यात कल्पना आली. त्याने त्यांना डावीकडे पाठवण्याआधी समोर उभं करून एक वाक्य घोकून घेतलं: "रविवारी जाणार हे खरं का?" म्हातारबुवांना ते तिसऱ्या खेपेला जमलं. आजीबाईंना पहिल्याच. दोघं एकमेकांची परीक्षा घेत गल्लीत दिसेनाशी झाली.

मग चावीवाला वाट बघत बसला. ताई त्यांना मागच्या गल्लीने सोडणार हे त्याला माहीत होतं. तरी तो बघत बसला. दुपार कलली. अखेर मोठ्या रस्त्याच्या बाजूने, भलत्याच दिशेकडून, एक टॅक्सी येऊन चौकातल्या तुंबलेल्या गाड्यांत अडकली. तिच्यातून टोपी सांभाळत म्हातारबुवा उतरले. मागच्या गल्लीतून बाहेर पडल्यावर, उत्तर पोचवल्याशिवाय उद्यानात जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. दोन बस आणि एक हातगाडी ओलांडून ते पेटीसमोर आले, ताठ उभे राहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "त्याला काय करायचंय?"

टॅक्सीच्या खिडकीतून आजीबाईंनी मान डोलावून उच्चार बरोबर असल्याचं कळवलं.

चहाच्या टपरीवर हशा उसळला. फुलवालीने पदराने डोळे पुसले. स्टुलावरून भाडेकरीण खाली उतरली.

"काय झालं? कोणाला काय करायचंय?"

"याला," चहावाल्याने चावीवाल्याकडे बोट दाखवलं. "याच्या बहिणीचा निरोप आहे."

"याला बहीण आहे? कोण?"

"कोण म्हणजे? तुझी घरमालकीण!"

भाडेकरीण चावीवाल्याकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ताईच्या वर्गात ही आठी कोणाच्या वाट्याला येई हे चावीवाल्याला लहानपणापासून माहीत होतं.

"बाई तुझी बहीण? सख्खी?"

"हो."

"मग तू तिला त्या दिवशी 'लेफ्ट, मॅडम' असं का सांगितलंस?"

"कोणाला?"

"बाईला! मी इथे स्टुलावर होते. नवीनच आले होते तेव्हा. तुझ्यासमोर एक मोठं कुटुंब होतं. पाच माणसं, नकाशा फाटलेला, लहान मूल रडत होतं. मागे एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर ऊन, पायात घरातल्या चपला. ती तुला काहीतरी म्हणाली. पुन्हा म्हणाली. तू वर बघितलं नाहीस. हात असा केलास," तिने हात लांब केला, "आणि म्हणालास, 'लेफ्ट, मॅडम, लेफ्ट.' ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली. पुलाकडे गेली."

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"पुढे मी तिच्या घरी गेले तेव्हा ओळखलं, हीच ती," भाडेकरीण म्हणाली. "मला वाटलं, तिलाही खोली हवी असेल."

चावीवाल्याने हळूच चहावाल्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

चहावाल्याने फडका खांद्यावरून काढून गल्ला पुसायला घेतला. "किल्ली आत राहिली, दार लागलं, म्हणून आली होती बिचारी. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"तुला?" त्याने फुलवालीला विचारलं.

"अख्ख्या चौकाला माहीत आहे की."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"तुमच्या घरचा मामला," फुलवाली म्हणाली. "आपण कशाला मध्ये बोला?"

गेले कित्येक महिने या घरच्या मामल्यावर चौकात रोज दोन्ही वेळा चर्चा होत होती. फक्त ज्याचा मामला त्याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही, एवढा संकोच सगळ्यांनी पाळला होता. तो संकोच भाडेकरणीला अजून कोणी शिकवला नव्हता.

चावीवाल्याने पेटी बंद केली. रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, माझी चावी?" त्याच्याकडे न बघता तो रस्ता ओलांडून डावीकडे वळला. भाडेकरीण त्याच्यामागे निघाली. तिचं घर तिकडेच होतं, आणि पुढे काय होतं ते तिला बघायचंही होतं.

दार उघडंच होतं. आत खोलीच्या मधोमध मोठी बॅग पडलेली होती आणि ताई तिच्या एका बाजूवर गुडघा रोवून चेन ओढत होती.

"कोण आहे?" तिने मागे न बघता विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"गुंड्या."

"असं होय. मला वाटलं, कोणी वाट चुकलेला आला."

"मार टोमणे. मार. पण मी काय म्हणतो, ताई..."

"बस."

"कुठे?"

"बॅगेवर. चेन लागत नाहीये कधीची."

चावीवाला बॅगेवर बसला. ताईने चेन धरली. ती थोडी पुढे सरकली आणि अडली.

"वजन टाक जरा. नुसता टेकल्यासारखा काय बसतोस? खातोस की नाही काही?"

त्याने वजन टाकलं आणि तसाच बसून म्हणाला, "मी त्या दिवशी तुला बघितलंच नाही."

"तेच तर."

"समोर पाच माणसं होती, ताई. पोर रडत होतं. नकाशा फाटलेला."

"तीनदा हाक मारली. गुंड्या म्हणून. चौकात आणखी कोणी गुंड्या आहे?"

"नाही."

"डावीकडे जा म्हणालास त्याचं मला काही नाही. तो तुझा रोगच आहे. माझ्याच घराला कुलूप आणि मलाच माझ्या घरी पाठवलंस, तेही जाऊ दे." ताईने चेन सोडली. "मॅडम म्हणालास."

चावीवाल्याने चष्मा काढून दोरीवर सोडला.

"पोरं मला बाई म्हणाली. तू ताई म्हणालास. तुझे भावजी काय म्हणायचे ते सोड. पण मॅडम मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं, आणि तू म्हणालास. वर न बघता."

"चुकलं."

"काय?"

"चुकलं म्हणतोय."

"ऐकू आलं होतं. पुन्हा ऐकावंसं वाटलं." तिने चेन पुन्हा धरली. "अंग चोरू नकोस, बस नीट."

भाडेकरीण दाराला टेकून उभी होती. कोणी रडेल असं तिला वाटत होतं. तिच्या देशात अशा वेळी माणसं मिठी मारतात आणि नंतर डॉक्टरकडे जाऊन त्याबद्दल बोलतात. इथे एकजण बॅगेवर बसला होता आणि दुसरी त्याच्या पायांखालून चेन ओढत होती.

"पण त्या पुलाखालच्याला बोलवायचं?" चावीवाल्याच्या मनातून ते अजून गेलं नव्हतं. "त्याला?"

"मग उन्हात उभी राहू? आणि काय सांगू तुला, त्याला उघडता नाही आलं. तासभर खुडबुड केली मेल्याने आणि शेवटी हातोडा घातला. फोडलं कुलूप! आईच्या वेळचं कुलूप!"

"फोडलं?"

"फोडलं!"

"हातोड्याने?"

"सांगतेय काय मग?"

चावीवाल्याने चेहऱ्यावर दुःख आणण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण पुलाखालच्याने हातोडा वापरला ही बातमी इतकी गोड होती, की ती त्याने आणखी दोनदा विचारून घेतली आणि ताईनेही दोन्ही वेळा हातवारे करून सांगितली. दुसऱ्या वेळेला हातोडा मोठा झाला होता.

चेन एकदाची लागली. ताई भिंतीला टेकून खालीच बसली आणि पदराने वारा घेत एकदम हळू आवाजात म्हणाली, "कसं रे होईल माझं तिकडे?"

"कसं म्हणजे?"

"पोरगं दिवसभर कामावर. मी बाहेर पडले आणि चुकले तर? तिकडे म्हणे कोणी कोणाशी बोलत नाही."

दोघांनीही भाडेकरणीकडे बघितलं. या विषयात तीच काय ती जाणकार होती.

"विचारलं तर बोलतात," ती म्हणाली. "पण माहीत नसलं तर सांगतात, सॉरी, माहीत नाही."

"तोंडावर?" चावीवाल्याने विचारलं.

"तोंडावर."

"शी!"

"मग विचारणाऱ्याने जायचं कुठे?" ताई म्हणाली.

भाडेकरणीने आयुष्यात प्रथमच यावर विचार केला. "उभं राहायचं," ती शेवटी म्हणाली. "दुसरा कोणी येईपर्यंत."

चावीवाला बॅगेवरून उठला. "नको जाऊस तू."

"तिकीट काढलंय पोराने."

"मग जा. पण कायमची कशाला?"

"कायमची कोण म्हणालं?"

"चौकात म्हणतात. घर विकलंस असंही म्हणतात."

"चौकाला काय अक्कल! अरे, सुनेला बाळ होणार आहे. ते जरा मान धरू लागलं की येते परत. घर विकून राहू कुठे, तुझ्या पेटीत?" ताई उठली, तिने पदर खोचला. "आणि तू पाठवतोस त्या माणसांना बघायचं कोणी? ही बघेल तोवर. शिकवलंय मी तिला. नद्या अजून कच्च्या आहेत, पण लग्नाचं छान विचारते."

"बाळ होणार आहे?" चावीवाला जागच्या जागी उभा राहिला. "मी आजोबा होणार? हे चौकात कोणाला माहीत नाही!"

"मग सांग आता जाऊन," ताई स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली. "आधी हात धू. भात तयार आहे."

सदरहू भाऊ व बहीण यांच्यामध्ये काही काळ सुरू असलेला तंटा उभयपक्षी सामोपचाराने मिटला असून, कोणत्याही पक्षाची दुसऱ्याविरुद्ध काहीही तक्रार शिल्लक राहिलेली नाही, असे नमूद करण्यास प्रत्यवाय नसावा. तडजोडीच्या समयी पंच या नात्याने भाडेकरीण जातीने हजर होती व तिने दोनदा भात मागून घेतला. बहिणीने परदेशी रवाना होण्याच्या कार्यक्रमात कोणताही बदल केलेला नाही. भांडी चावीवाल्याने घासली.